तगलेली बरणी

"हेमचंद्र, हे खरं असेल तर…" बापूसाहेबांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला आणि वाक्य अर्धंच सोडलं.

हेमचंद्र समोरच उभे होते, पण त्यांना आपल्या जुन्या गुरूंचा चेहरा धड दिसत नव्हता. दिवाळीपर्यंत उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. जबलपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी सगळी उमर हिरव्या शेवाळामागं घातली. मुलं माघारी त्यांना 'काईवाले मास्टरजी' म्हणून हसत. चेरीताल मोहल्ल्यातल्या घरी खिडकीत मांडलेल्या बरण्या एकामागून एक कुजल्या. ही एकच तगली. ही गेली असती, तर पुन्हा मांडायला डोळे कुठून आणायचे?

शेवाळ म्हणजे नुसता धागा, पेशीला पेशी जोडलेली, एकेरी. या बरणीतले धागे मात्र एकमेकांना बिलगून जाड झाले होते. बाहेरचा थर निराळा, आतला निराळा. गवताच्या पात्यापासून सागाच्या खोडापर्यंत सगळ्या ऊती ज्या पहिल्या पावलातून निघाल्या, ते पाऊल इथं पडलेलं दिसत होतं.

"पाणी कोणतं?"

"पावसाचं, गाळून घेतलेलं. दुसरं काही नाही."

"राग नको मानू, पण पुन्हा विचारतो. दुधाचा नुसता अंश गेला ना, तरी धागे चिकटून असाच खोटा थर दिसतो. मोठमोठे फसले त्यात. मग हे सगळं मोरीत ओतायचं, बस."

"माझ्याशिवाय या बरणीला कोणी हातसुद्धा लावत नाही, बापूसाहेब."

"चलो, मग आजच विलायतेला लिहितो मी. अन् तू काहून रडून राहिला बे? जिंकलास ना!"

हेमचंद्रांनी डोळे पुसले. त्यांची बायको विनता चहा घेऊन दारात आली होती. तिच्याकडे वळून ते कसेबसे म्हणाले, "ऐकलंस का गं? ही एक तगली, तिनं लाज राखली."

विनताचे डोळे भरून आले. तिनं कप खाली ठेवले, बरणीला हात जोडले आणि हळूच म्हणाली, "तगणारच होती. बाकीच्या गेल्या, त्याच दिवशी मी महादेवाचं व्रत धरलं. अभिषेकाचं दूध कोणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून रोज पळीभर हिच्यातच सोडते मी."