चित्रांची तालीम

मुलीने चित्रांकडे पाहिलंच नाही. तपासणीला आलेल्या बाईंनी कार्ड टेबलावर ठेवायचा अवकाश, तिने खिडकीबाहेर बघत गाडी सोडली, "छत्री, किल्ली, मासा, घड्याळ, मासा, छत्री..."

"वा, वा!" मुख्याध्यापिका कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या. दाराशी उभी असलेली मुलीची आई इतका वेळ तिच्याबरोबर ओठ हलवत होती, तीही हसली.

बाईंना खटकलं. त्यांनी दुसरं कार्ड पुढे केलं. चित्रं तीच, फक्त क्रम वेगळा. पहिलाच मासा होता.

"छत्री, किल्ली, मासा, घड्याळ..."

तपासणी तशी साधी होती. चित्रांची नावं झरझर सांगायची, शब्दांच्या तुकड्यांवर टाळ्या वाजवायच्या, यमक जुळवायचं. मूल वाचायला लागण्याआधीच त्याला डिस्लेक्सियाचा धोका आहे का, याचा अंदाज यातून येतो. पाचव्या वर्षी कळलं तर खेळता खेळता हात देता येतो. नाही कळलं तर तिसरी-चौथीपर्यंत पोर 'ढ' ठरतं, आणि हळूहळू त्यालाही ते पटायला लागतं. इथे पास-नापास काही नव्हतंच.

"ही कार्डं हिने आधी पाहिली आहेत," बाई म्हणाल्या.

"पाहिली म्हणजे? पाठ केली आहेत!" मुख्याध्यापिका खुशीत म्हणाल्या. "तुम्ही नमुना ठेवून गेला होतात ना, त्याच्या झेरॉक्स काढून घरोघरी दिल्या. प्रवेशाचे दिवस आहेत हो. आमच्याकडे तसली मुलं निघाली असं बाहेर गेलं, तर कोण फिरकेल इथे? एकही निघणार नाही, बघाच तुम्ही."

कामचुकार शाळा बाईंनी ढिगाने पाहिल्या होत्या. पण थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरला म्हणणारी ही पहिलीच. आणि वर त्याचा तोरा!

"माझं रक्त आटलंय हो हिच्यामागे," आई पुढे येत म्हणाली. "आधी धड एक नाव येत नव्हतं. घड्याळ दाखवलं की नुसती बघत बसायची. रोज घोकून घेतलं, तेव्हा कुठे सुधारली. आता पोपटासारखी बोलते की नाही?"

जे शोधायला बाई आल्या होत्या, तेच या माउलीने घासून घासून पुसून टाकलं होतं. बाईंना तिची कीव यायला हवी होती. आली ती किळसच.

त्यांनी कार्डं बाजूला सारली आणि खुर्ची मुलीजवळ ओढली. "चल, आपण एक नवा खेळ खेळू. मी म्हणते वारा, तारा. तसाच अजून एक शब्द सांग बरं."

मुलगी खिडकीकडे बघत राहिली. मग तिने आईकडे पाहिलं.

"हा नव्हता," ती म्हणाली.

"कुठे नव्हता, बाळा?"

"घरी नव्हता."

"अगं, डोकं चालव की जरा! सोपं तर आहे!" आई दातओठ खात कुजबुजली.

मुलीने डोळे घट्ट मिटले. उजवा हात सरळ पुढे केला, तळवा वर करून, आणि तशीच थांबली.

"हात कशाला पुढे केलास गं?" बाईंनी विचारलं. आई पर्सच्या चेनची उघडझाप करू लागली. बाईंनी तो इवलासा तळवा हळूच आपल्या हातात घेतला, तसं मुलीचं सगळं अंग आक्रसलं.

मुख्याध्यापिका कौतुकाने हसल्या.

"बघितलंत? सांगावंसुद्धा लागत नाही. शिस्त म्हणतात ती ही."