चोविसावी खेळी

खोटं वाटेल तुम्हाला, पण कर्वेनगरच्या रामदासरावांनी वीस वर्षांत एकदाच जयसिंगला बुद्धिबळात हरवलं, आणि त्याच संध्याकाळी जयसिंग अचानक वारला. तेव्हापासून रोज दुपारी रामदासराव वहीतला तो डाव घरच्या पटावर मांडून चुका शोधायचे. चोविसाव्या खेळीला त्यांचा हत्ती आपसूक एक घर मागं सरकायचा. शेवटी त्यांनी रिकाम्या खुर्चीला हात जोडले. “जयसिंग, चहा सांगायला उठलास तेव्हा हत्ती मीच पुढं ढकलला. माफ कर.” खुर्ची करकरली. “ते तेव्हाच पाहिलं होतं. मी अडकलोय माझ्याच लबाडीपायी, पण तुझ्याआधी कबूल कसं करणार? तू वहीत खोटी खेळी लिहीत होतास, तेवढ्यात मी तुझं प्यादं खिशात घातलं. तरी हरलोच. मग त्याच सदऱ्यात मला जाळलंत.” पटावर टक्कन काहीतरी पडलं. जळकं प्यादं होतं. उचलताच हात पोळला.