आरोहीची आई

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर डॉक्टरांनी आरोहीच्या आईवडिलांना बाजूला घेतलं.

"न्यूमोनिया समजून आपण औषधं दिली. आरोहीला उपयोग होत नाहीये. तपासण्यांत जंतूही सापडले नाहीत. आता खरं सांगा, ती काही ओढते का? सिगारेट, व्हेप, काहीही?"

"काय बोलताय मॅडम!" गोरक्षचा आवाज चढला. "अकरावीतली पोरगी आहे. आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कुणी तोंडात टाकत नाही."

"तिलाही विचारलं. मान हलवून नाही म्हणाली. पण दोन्ही फुप्फुसं सुजलीत. कारण कळलं तर उपचार बदलता येतील. नाही तर व्हेंटिलेटर लावावा लागेल."

मथुरा काचेतून लेकीकडे बघत होती. नाकातोंडावर मास्क घट्ट बांधलेला. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता.

दिवाळीच्या साफसफाईत तिला आरोहीच्या कपाटात एक गुलाबी कांडी मिळाली होती. दिसायला हायलायटर, वास आंब्याचा. "नुसती वाफ असते गं आई, सगळ्याच घेतात," असं म्हणत आरोही रडली होती. पप्पांना सांगू नको म्हणून पायाशी बसली होती. मथुरानं कांडी होती तिथं ठेवून दिली होती.

"ओढते," मथुरा म्हणाली.

गोरक्षनं वळून पाहिलं.

"व्हेप ओढते, मॅडम. दिवाळीपासून मला माहीत आहे. त्याच्या आधीचं माहीत नाही."

डॉक्टर लगेच वळल्या. नर्सला हाक मारत आत गेल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिचं कॉलेज बंद केलं असतं."

गोरक्षच्या अंगात अजून अंबड एमआयडीसीतल्या कंपनीचा निळा शर्टच होता. तसाच भिंतीला टेकून तो फरशीवर बसला.

व्हेंटिलेटर लावावा लागला नाही. नव्या औषधांनी धाप हळूहळू कमी झाली. मास्क निघाला, त्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "धोका टळलाय. फुप्फुसं पहिल्यासारखी होतील की नाही, ते आताच सांगता येणार नाही."

आरोही आईकडे बघेना. मथुरा उशाशी बसून तिच्या केसांतला गुंता सोडवत राहिली. मग आरोहीनं तिचं मनगट धरलं.

"हर्षालीच्या आईला पण सांग."

"काय सांगू?"

"आम्ही दोघी..." तिला मध्येच थांबावं लागलं. "एकच वापरायचो."

मथुरा बाहेर आली. आरोहीच्या या मैत्रिणीच्या आईचा नंबर लावला.

"बोला, आरोहीच्या आई! कशी आहे आता पोर?"

"बरी आहे. हर्षाली कुठंय?"

"क्लासला गेलीय. खोकत खोकतच गेली. मी म्हटलं, रस्त्यांची कामं निघाल्यापासून आपल्या सिडकोत धूळच केवढी झालीय, नाही का?"

मथुरानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही आधी जरा खाली बसा."