सहा जणांना दोन कोळंब्या

“खाणारी माणसं किती?” मासळीवालीने विचारलं.

“सहा,” घड्याळजी म्हणाले. “दोन कोळंब्या द्या, शिंपल्या चार आणि माकूळ बोटभर. सगळं अगदी बारीक चिरून.”

मासळीवालीने सुरी खाली ठेवली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

आता हे सहा जण म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीतले मासे, हे सांगून टाकायला काय हरकत होती? पण शेजारच्या गाळ्यावर घड्याळजींनी खरं सांगून पाहिलं होतं. “माझा ताजा माल माशांना घालणार?” म्हणत त्या गाळेवाल्याने त्यांना वाटेला लावलं होतं. तेव्हा इथे तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

सूनबाई कामासाठी परगावी गेली होती. त्या पेटीला आजवर तिने कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. या खेपेला मात्र सासऱ्यांच्या हातात कागद ठेवला: नुसते डब्यातले कोरडे दाणे नकोत, त्याने ताकद येत नाही, कोळंबी, शिंपल्या, माकूळ आलटूनपालटून द्या, मीठ नको, शिजवू नका. घड्याळजी हरखून गेले होते. बाकीचे पाच मासे काय टाकाल ते गिळत होते, पण थोरलीने, म्हणजे त्या केशरी मासोळीने, पहिल्याच दिवसापासून अन्न सोडलं. फोनवर घड्याळजी रोज ‘सगळे पोटभर जेवले’ असं ठोकून देत होते. आणि सून उद्या येणार होती.

“जरा ताजं बघून द्या,” ते म्हणाले. “थोरली चार दिवस उपाशी आहे हो. तोंडात घेते आणि थुंकून टाकते.”

“शिजवता कसं?”

“शिजवत नाही. कच्चंच. सूनबाईने तसं लिहूनच ठेवलंय. मी आपला स्वच्छ धुतो, वर लिंबू चोळतो. वास राहायला नको.”

मासळीवालीचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. घड्याळजींचा कान जरा जड, त्यामुळे फोनवरचं बोलणं अर्ध्या बाजाराला ऐकू जायचं.

“बाबा, जेवले का सगळे?” सुनेचा आवाज आला.

“जेवले की. चाटूनपुसून.”

एवढं मात्र मासळीवालीला सोसलं नाही. तिने फोन काढूनच घेतला.

“कसलं चाटूनपुसून, अगं बाई? म्हातारा माणूस सहा तोंडांना दोन कोळंब्या मागतोय. थोरली चार दिवस उपाशी आहे. पोरीला कच्चं खायला घालायचं लिहून जातेस, ते हे बिचारे लिंबू लावून घालतायत. तुला काळीज आहे की दगड?”

घड्याळजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाबा,” सून हळूच म्हणाली, “तुम्ही लिंबू लावलंत?”

“वास येत होता गं.”

“त्यांना तोच वास हवा असतो. मासे आहेत ते.”

“कोण मासे?” मासळीवालीने विचारलं.

मग सगळंच सांगावं लागलं. सांगून झाल्यावर घड्याळजी फोनकडे न बघता म्हणाले, “रोज खोटं बोललो बघ. तू पहिल्यांदा काही विश्वासाने सोपवलंस आणि मी माती खाल्ली. फार वाईट वाटतंय.”

“इथलं काम दोन दिवस वाढतंय,” सून म्हणाली. “मी नाही म्हणून सांगणार होते. आता हो म्हणते. नुसत्या पाण्याने धुवा, बाबा.”

फोन बंद झाला तरी घड्याळजी त्याच्याकडे बघत उभे होते. हसू दाबायला गेले, पण ते मेलं काही दबेना.

मासळीवालीने फळी दोनदा धुतली. ढिगातून निवडून दोन कोळंब्या काढल्या, सोलल्या, बारीक चिरल्या. शिंपल्या आणि माकूळही तसंच, अगदी मन लावून. पुडी त्यांच्या हातात दिली.

“उद्या या. आणि थोरली जेवली का, ते आधी मला सांगा,” ती म्हणाली. “चार दिवसांचा उपाशी जीव. माझ्याच्याने नाही हो बघवत असलं.”

आणि वळून तिने पुढच्या गिऱ्हाइकाच्या माशाचं डोकं एका घावात उडवलं.