उन्हातली दोरी

कस्तुराबाईच्या लेकानं बायकोला एचआयव्ही दिला, तो मेला, आणि कस्तुराबाईनं सुनेला वेगळी दोरी दिली. घरची दोरी अंगणात, तर ऋतुजाची गोठ्यापल्याड, रस्त्याला लागून. तिचे आतले कपडे वाळत घातले की थेट हदगावपर्यंत दिसायचे म्हणे. सासूनं आपल्याला पुन्हा घरातलं धरावं, एवढीच तिची आस होती.

पुढं तिला अंगावरून पांढरं जायला लागलं, खाजेनं जीव नकोसा झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझ्या आजारात ही बुरशी वरचेवर होते. रोजच्या गोळ्या चुकवू नको, हे मलम पूर्ण कर, आतून साबणानं धुऊ नको. चड्ड्या सुती घाल आणि कडक उन्हात वाळव."

"उनाची काय कमी न्हाई, बाई," ऋतुजा म्हणाली. पंधरा दिवसांत तिला उतार पडला.

उन्हाळ्यात कस्तुराबाईला शुगर निघाली आणि मागोमाग तीच खाज. तिचे आतले कपडे लाजेपायी न्हाणीत परकराखाली दडपलेले असायचे, कायम ओलसर. डॉक्टरीणबाईंनी तिलाही ऊनच सांगितलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा ती सुनेजवळ येऊन उभी राहिली. "ऋतुजा, माझे बी तुझ्या दोरीवर टाकत जा."

दोघींचे कपडे एका दोरीवर म्हटल्यावर ऋतुजा लगेच दोरीवर जागा करायला लागली. "टाकते की, आत्याबाई. पण रस्त्यावरनं लोक बघतेत."

"बघू दे की," कस्तुराबाई म्हणाली. "तुझेच म्हणतील."