उघड्या कबरीतला सोयरा

मफुता न्झिमा भाल्याच्या टोकावर जगला. त्याचा मुलगा लोती तांब्याच्या खाणीत उतरला आणि तिथेच खपला. लोतीचा मुलगा येलेमिया शाळेत मुलांना धडे देता देता म्हातारा झाला. आणि येलेमियाचा मुलगा वेडसन न्झिमा, देशाचा विरोधी पक्षनेता, भर दुपारी कितवे या खाणींच्या शहरातल्या दफनभूमीत एका उघड्या कबरीत उताणा पडला होता. वर माणसे पोट धरून हसत होती.

कबर कांग्वा चिलेशेची होती. त्याची पेटी काठावर ठेवलेली होती.

"ऊठ रे उंदीरखाऊ!" वरून कोणीतरी ओरडले. "मेलेल्याची जागा अडवतोस? लाज नाही वाटत?"

"माकडं खाणाऱ्यांनी मला लाज शिकवू नये!" न्झिमा खालून गरजला. "आधी कोंबडी आणा!"

कांग्वा बेंबा जमातीचा आणि न्झिमा न्गोनी जमातीचा. या दोघांच्या पूर्वजांनी एकमेकांची डोकी फोडली. नातवंडांनी त्या वैराचे थट्टेचे नाते केले. बेंबाच्या मयताला न्गोनी सोयऱ्याने यावे, मेलेल्याची यथेच्छ निंदा करावी, कबरीत आडवे व्हावे आणि मान म्हणून कोंबडी मिळाल्याखेरीज उठू नये, ही रीत. त्या दिवशी सोयऱ्याचा शब्द कोणी मनाला लावून घेत नाही. न्गोनी माणसे कितवेत पुष्कळ होती. कांग्वाच्या विधवेने मात्र नाव घेऊन न्झिमालाच बोलावणे धाडले होते.

खाली गारवा होता. पडल्या जागेवरून न्झिमाला पेटीचा काठ दिसत होता.

सभाबंदीच्या वर्षी सत्ताधाऱ्यांचे कार्यालय पेटवण्याचा हुकूम त्याने दिला होता. गुन्हा अंगावर घेतला तो पक्षाचा जिल्हा चिटणीस असलेल्या कांग्वाने. "तुम्ही बाहेर राहा. निवडणूक जिंका, आणि मग खरं काय ते सांगा," एवढेच त्याने मागितले. न्झिमा ती निवडणूक हरला. पुढचीही हरला. प्रत्येक पराभवानंतर सत्य पुढच्या विजयावर ढकलले गेले. 'माझे हात स्वच्छ आहेत' हे त्याचे वाक्य तेवढे गावोगावच्या भिंतींवर रंगत राहिले. कांग्वा सक्तमजुरी भोगून, छातीत खोकला घेऊन परतला. खाणीने त्याला पुन्हा कामावर घेतले नाही. मुलगा म्विला बापाचे नाव टाकून मामाचे नाव लावू लागला आणि पोलिसांत भरती झाला. आज तोच म्विला बंदोबस्तावर होता. फाटकापाशी, कबरीकडे पाठ करून उभा होता.

मतदान तोंडावर आले होते. या खेपेला न्झिमा जिंकणार, हे त्याचे वैरीही कबूल करत होते.

"मी उठणार नाही!" न्झिमा ओरडला. "ही जागा माझी आहे! हा कांग्वा पक्का लबाड! आग लावायला मी सांगितलं, आणि सरकारची मक्याची न्शिमा फुकट खायला तुरुंगात जाऊन बसला हा!"

हास्याचा कल्लोळ उठला. बायकांनी जिभा हलवून आरोळ्या ठोकल्या. कॅमेरेवालेही हसू लागले.

न्झिमाला हलके वाटले. बोलून झाले होते, आणि काहीच बिघडले नव्हते. पण दुसऱ्याच क्षणी त्याला त्या हलकेपणाची किळस आली.

म्विलाची आई काखेत कोंबडी धरून काठाशी आली. ती हसत नव्हती.

"छान बोललास, सोयऱ्या. ही घे तुझी कोंबडी. घेतलीस, की आजचं तुझं सगळं बोलणं थट्टेत गेलं." तिने काखेतली कोंबडी हातात घेतली. "नाही घेतलीस, तर तू आज आमचा सोयरा नव्हेस. मग तुझा शब्द म्हणजे शब्द."

पक्षाचा खजिनदार साकाला घाईने वाकला. "घ्या ना साहेब, आणि या वर. कॅमेरे बघतायत. हसा जरा."

न्झिमा कोणाचा हात न धरता वर आला. विधवेने कोंबडी पुढे केली. त्याने हात मागे घेतले.

"नको, वहिनी. मी थट्टा केली नाही."

हसू ओसरले. मागच्या रांगेतले एक-दोघे उगाच खिदळले, आणि तेही गप्प झाले.

"हुकूम माझा होता," न्झिमा सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला. "कांग्वानं आग लावली नाही, लावायला सांगितलीही नाही. माझे हात स्वच्छ राहिले, कारण त्यानं आपले काळे करून घेतले."

"थट्टा होती म्हणा!" साकालाने त्याची बाही ओढली. "साहेब, पाया पडतो तुमच्या! अजून वेळ गेली नाही!"

न्झिमाने बाही सोडवून घेतली.

गर्दी दुभंगली. फाटकापासून म्विला चालत येत होता. पेटीपाशी येऊन त्याने टोपी काढली, गुडघे टेकले आणि लाकडावर तळवा ठेवला.

"बाबा," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द ऐकून आईला वर्षे लोटली होती.

पेटी खाली उतरली. पहिली मूठ म्विलाने टाकली. मग त्याने टोपी चढवली आणि तो न्झिमासमोर येऊन उभा राहिला.

"चला, साहेब. जबाब द्यावा लागेल."

न्झिमाने मान हलवली आणि तो वळला. त्याच्या काळ्या कोटाची पाठ कबरीच्या मातीने माखली होती. म्विलाच्या आईने त्याला थांबवले. कोंबडी खाली सोडली, आपल्या कमरेच्या कापडाच्या टोकाने ती माती खालपर्यंत नीट झटकली आणि म्हणाली,

"आमची एवढी मातीच तुझ्या अंगावर राहिली होती. जा आता, तुझ्याकडे आमचं काही राहिलं नाही."