पगाराचा रकाना

आईचं आयकर विवरणपत्र भरताना मला गेल्या वर्षीची चूक दिसली. बाबा रेल्वेत होते. ते वारल्यावर तिला सुरू झालेली फॅमिली पेन्शन तिथं चक्क ‘पगार’ म्हणून दाखवली होती. “मागच्या वर्षी फॉर्म भरून देणाऱ्या सिविक सेंटरच्या दुकानवाल्यानं लिहिलं काय?” मी विचारलं. “नाही, मीच सांगतलं त्याले.” “कावून? ते त ‘इतर उत्पन्नात’ येते.” तिनं चष्मा लावला. “इतर म्हंजे? त्यात अजून काय काय येते?” “बँकेचं व्याज, लॉटरी...” “लॉटरी?” ती आत जाऊन बाबांचा ड्यूटीवर न्यायचा जेवणाचा डबा घेऊन आली. “रात्री दोनले ड्यूटी असो का पहाटे चारले, बत्तीस वर्षं उठून हा मीच भरला. लॉटरी कधी लागली मले?” मी रक्कम ‘इतर’मध्ये हलवली. पुढचा प्रश्न होता, ‘नोकरीचा प्रकार’. “आता काय विचारून राहिलं ते?” “काही नाही,” म्हणत मी ‘लागू नाही’ निवडलं.